हुमल्यांच्या रांगेतला आठ पायांचा हुमला

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडकडे हापूसची कलमं आहेत, झेल्याने आंबे काढताना फांदीवर हुमल्यांच्या, म्हणजे पानं शिवून घरटं करणाऱ्या विटकरी मुंग्यांच्या, रांगेच्या कडेला एक विचित्र हुमला दिसला, तोंडापुढे अजून एक डोकं धरल्यासारखा, बोट पुढे केल्यावर दोऱ्याला लटकून सरळ खाली गेला, आणि मोबाईलच्या फोटोत पाय मोजले तर आठ भरले. हा प्राणी कुठला, नेमकी जात कुठली, चावला तर काही होतं का आणि हुमल्यांमध्ये राहून हा करतो काय.

दादा, तुम्ही पाय मोजलेत तिथेच अर्धं काम झालं. बहुतेक लोक मोजत नाहीत, मी स्वतः कित्येक महिने मोजले नव्हते, ते सांगतो पुढे. तर हा कोळी आहे, जंपिंग स्पायडर. म्हणजे घरात भिंतीवर माशीमागे टुणटुण उड्या मारत फिरणारा जो केसाळ कोळी असतो ना, त्याच्याच घराण्यातला. या घराण्यात सहा हजारांच्या वर जाती आहेत, कोळ्यांमधलं सगळ्यात मोठं खटलं. त्यात मुंगीचं सोंग घेणारी एक मोठी शाखा आहे आणि तुमचा पाहुणा त्या शाखेतला सगळ्यात पक्का नट. नाव मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडिस. तोंडापुढे लांब दांडा आहे म्हणजे वयात आलेला नर. चावण्याचं टेन्शन घेऊ नका, त्या फांदीवर हात घातल्यावर हुमले जे करतात त्याच्यापुढे हा म्हणजे देवमाणूस.

नावाचा घोळ आधी संपवतो, कारण तुम्ही नेटवर शोधाल तर निम्म्या ठिकाणी याला मिर्मारॅक्नी प्लाटालिऑइडिस म्हटलेलं दिसेल आणि तुम्हाला वाटेल मी काहीतरी वेगळंच सांगितलं. दोन्ही एकच. मिर्मारॅक्नी म्हणजे ग्रीकमध्ये सरळसरळ मुंगी-कोळी. हा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मॅक्ले नावाच्या इंग्रज माणसाने १८३९ मध्ये पाडला, तोही आपल्याकडच्या, बंगालमधून आलेल्या एका कोळ्यावरून, मिर्मारॅक्नी मेलॅनोसेफाला, म्हणजे काळ्या डोक्याचा. मग पुढची पावणेदोनशे वर्षं आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जिथे जिथे मुंगीसारखा उडीवाला कोळी सापडला तिथे तिथे लोकांनी तो याच पोत्यात टाकला, दोनशेच्या वर जाती झाल्या. २०१६ मध्ये प्रोशिन्स्की या पोलिश अभ्यासकाने ते पोतं उलटं केलं आणि काही जाती वेगळ्या काढल्या, त्यात आपला हुमलेवाला मिर्माप्लाटा या नव्या वंशात गेला, आणि काही टॉक्सिअस या जुन्याच पण विसरलेल्या नावाखाली गेल्या. यावर अभ्यासकांत कुरबुरी आहेत, असू देत. मला विचाराल तर फिल्डवर फिरणाऱ्या माणसाला वंशाचं नाव बदललं की वैताग येतो, सगळ्या जुन्या फोटोंची लेबलं बदलत बसायची, पण हा एक खरंच बाकीच्यांपेक्षा इतका वेगळा दिसतो की वेगळं घर मिळालं ते बरंच झालं. प्लाटालिऑइडिस हे जातीचं नाव मात्र १८६९ पासून तेच आहे, पिकार्ड-केंब्रिज यांनी श्रीलंकेतल्या नमुन्यावरून दिलेलं. प्लाटालिया हे चमचा पक्ष्याचं शास्त्रीय नाव, तर हा म्हणजे चमच्यासारखा. नराला वरून बघा, पुढे आलेला लांब जबडा आणि टोकाला फुगवटा, अगदी चमच्याची चोच.

आता माझी फजिती. मी मॅक्रो फोटोग्राफी सुरू केली तेव्हा कोळ्यांचा विचारही नव्हता, मुंग्यांचे फोटो काढायचो कारण त्या भरपूर आणि फुकट. लॅपटॉपवर 'हुमले' नावाचा एक फोल्डर होता. बऱ्याच महिन्यांनी एका पावसाळ्यात घरी बसून साफसफाई करताना एका फोटोतला हुमला माझ्याकडे बघतोय असं वाटलं. खरंच बघतोय. मुंगी कधी कॅमेऱ्याकडे बघत नाही हो, तिला कॅमेरा म्हणजे एक अडथळा. झूम केलं तर समोर दोन मोठे काळेभोर गोल डोळे, शेजारी दोन छोटे, आणि मिशा म्हणून ज्या वर धरल्या होत्या ते पाय. मग तो सगळा फोल्डर पुन्हा चाळला, अकरा फोटो कोळ्याचे निघाले. अकरा! आणि त्यातले दोन मी 'कामकरी मुंगी' म्हणून एका प्रदर्शनात छापून लावले होते, कुणाच्याही लक्षात आलं नाही, नशीब.

तर सोंग कसं वठवलंय ते जवळून बघू. कोळ्याचं शरीर दोन भागांचं, मुंगीचं तीन भागांचं वाटतं. याने काय केलंय, पुढच्या भागाला मध्येच एक खाच पाडलीय, त्यामुळे डोकं आणि छाती वेगळी भासते, मग बारीक लांब कंबर, मग पोट. रंग हुमल्याचा तोच, विटकरी-नारिंगी. हुमल्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके असतात, तर तसेच काळे डाग याच्याकडे रंगवलेले असतात आणि खरे आठ डोळे भलतीकडेच. पुढचे दोन पाय वर उचलून मिशांसारखे हलवतो, म्हणजे चालायला उरले सहा, हिशेब जुळला. असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत होतो. मग २०१७ मध्ये याच्या एका भाऊबंदावर, मिर्मारॅक्नी फॉर्मिकारियावर, हाय-स्पीड कॅमेरे लावून काम झालं आणि कळलं की चालताना तो सगळेच्या सगळे आठ पाय वापरतो, मध्ये मध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा थांबतो आणि तेवढ्यात पुढचे पाय वर करतो, आपल्या डोळ्याला ते सलग दिसतं इतकंच. आणि चालसुद्धा सरळ नाही, वासाच्या रेषेवर चालणारी मुंगी जशी डावीउजवीकडे हेलकावे घेत जाते तशी. वासाची रेषा नसताना. म्हणजे नुसता पोशाख नाही, चालीरीतीसकट.

तुम्ही विचारलंत हा हुमल्यांमध्ये करतो काय. लोकांना वाटतं आत शिरून हुमले खात असेल. नाही. हा हुमल्यांना टरकून असतो. हुमले जवळून बघतात कमी, हुंगतात जास्त, आणि वासाला हा फसवू शकत नाही. तासभर बसून बघा, रांगेच्या कडेकडेने चालेल, एखादा हुमला अंगावर येतोय दिसलं की झटकन बाजूला, पानाच्या खालच्या बाजूला, आणि अगदीच गळ्याशी आलं की दोरा सोडून खाली, तुम्हाला बघून गेला तसा. हुमल्याला दोरा नाही, प्रौढ हुमला दोऱ्याला कधीच लटकत नाही, रेशीम फक्त त्यांच्या अळ्यांकडे आणि ते पानं शिवायला वापरतात. म्हणजे दोऱ्याला लटकलेला हुमला दिसला की समजायचं, हा कोळी.

मग एवढा धोका घेऊन तिथे राहायचं कशाला? कारण फसवायचंय हुमल्यांना नाही, बाकीच्यांना. हुमल्याच्या वाटेला कोण जातो, चावतो, वर ॲसिड सोडतो, एकाला हात लावला तर पन्नास येतात. छोटे पक्षी, गांधीलमाशा, खंडोबाचा किडा आणि मुख्य म्हणजे दुसरे जंपिंग स्पायडर, ज्यांची नजर फार तेज असते, हे सगळे मुंगी दिसली की सहसा लांबूनच जातात. हुमल्यांची वसाहत म्हणजे याला फुकटचं पोलीस प्रोटेक्शन, फक्त पोलिसांनी स्वतः याला ओळखता कामा नये.

१९५४ साली बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, जर्नलमध्ये ए. पी. मॅथ्यू यांचा हुमल्यांचं सोंग घेणाऱ्या दोन कोळ्यांवर एक सुंदर लेख आहे. एक हा आपला, आणि दुसरा अमिसिया फॉर्टिसेप्स. या दुसऱ्याची ओळख करून घ्याच कारण तुमच्या कलमांवर तोही असणार आणि लोक दोघांची सरमिसळ करतात. अमिसिया उडीवाला नाही, खेकडा-कोळी आहे. त्याच्या पोटाच्या मागच्या टोकावर दोन काळे ठिपके असतात, म्हणजे मागून बघितलं तर हुमल्याचं डोकं. आणि हा खरंच हुमले खातो. एकट्या हुमल्याला मानेपाशी धरतो आणि लगेच दोऱ्यावर लटकून खाली उतरतो, बाकीच्यांना पत्ता लागायच्या आत. फांदीखाली एक हुमला अधांतरी तरंगतोय आणि त्याला दुसरा चिकटलाय असं दिसलं तर ते अमिसियाचं जेवण चाललंय. तुम्ही 'तोंडापुढे अजून एक डोकं' म्हणालात तेव्हा मी आधी हाच विचार केला होता, पण फोटोत कंबर लांब आहे आणि पुढचा दांडा गुळगुळीत, सलग आहे, त्यामुळे शंका उरली नाही.

आता त्या दांड्याबद्दल, मला या प्राण्यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. मादी साधारण ६-७ मिलिमीटरची, सोंग एकदम पर्फेक्ट. नर ९ ते १२ मिलिमीटर, त्यात जबड्याचाच वाटा मोठा. शेवटची कात टाकेपर्यंत नर मादीसारखाच दिसतो आणि कात टाकली की एकदम हा दांडा बाहेर. दोन नर समोरासमोर आले की जबडे दोन्ही बाजूंना फाकवतात, आत दुमडलेले लांब सुळे उघडतात आणि एकमेकांना रेटतात, आपल्याकडे आट्यापाट्यात पोरं हात पसरून उभी राहतात तसं काहीसं. म्हणजे हे मादीसाठीचं हत्यार. पण मुंगीला असं तोंड नसतं, मग सोंगाचं काय? तर टोकाचा फुगवटा आणि डाग यामुळे तो दुसऱ्या मुंगीच्या डोक्यासारखा दिसतो आणि एकूण चित्र असं होतं की एक हुमला दुसऱ्याला तोंडात धरून नेतोय. हुमले हे सतत करतात, एकमेकांना उचलून नेतात, त्यामुळे बघणाऱ्याला खटकत नाही. तुम्हालाही तसंच वाटलं ना.

पण याची किंमत आहे, आणि ती चांगलीच जबर आहे. एक तर या नराच्या सुळ्यात विषाची नळीच नाही. १९९४ मध्ये पोलार्ड यांनी हे दाखवलं. म्हणजे मादी नेहमीच्या कोळ्यासारखी चावून विष सोडते आणि नर भक्ष्याला भाल्यासारखं भोसकतो, बास. दुसरं, मुंग्याच खाणारे काही जंपिंग स्पायडर आहेत, आपल्याकडचा सायलर, तो निळा-लाल चमकणारा, त्यातलाच. अशा मुंगीखाऊंना तोंडात ओझं असलेली मुंगी जास्त आवडते कारण तिचे जबडे अडकलेले असतात, उलट चावता येत नाही. नेल्सन आणि जॅक्सन यांनी २००६ मध्ये प्रयोग करून दाखवलं की ओझेवाल्या मुंगीसारखा दिसणारा नर या मुंगीखाऊंना उलट जास्त खेचून घेतो. म्हणजे मुंगीला घाबरणाऱ्यांपासून वाचला आणि मुंगी खाणाऱ्यांच्या तोंडी गेला. सोंगाला गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी.

तिसरी किंमत नर-मादी दोघांनाही. जंपिंग स्पायडर म्हणायचं आणि उडीच धड येत नाही! शरीर बारीक, लांब, मध्ये खाचा, पाय काटकुळे. २०२० च्या एका जपानी अभ्यासात मोजून बघितलं तर मुंगीचं सोंग घेणारे कोळी बाकीच्या उडीवाल्यांपेक्षा उडीतही कमी आणि शिकार पकडण्यातही कमी. मी स्वतः इतकी वर्षं बघतोय, प्लाटालिऑइडिसने मारलेल्या नीट उड्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यातल्याही एका उडीत तो पडलाच असेल.

बाकीच्या जाती. तुम्ही लिहिलंय की घरामागच्या शेवग्यावर पण 'काळा-तांबडा' असा एक दिसतो. काळं डोकं, तांबडी छाती, काळं पोट अशी एक मुंगी असते, टेट्रापोनेरा रुफोनायग्रा, झाडाच्या खोडावर एकेकटी फिरते आणि डंख असा की डोळ्यात पाणी येतं. तिचं सोंग घेणारा म्हणजे मघाचा बंगालवाला मेलॅनोसेफाला, किंवा त्याच्या जवळचा ओरिएंटालिस. यातला कुठला ते मी फोटोवरून सांगणार नाही. इथे मी जरा हट्टी आहे, लोक रागावतात, पण मुंगी-कोळ्यांमध्ये हुमलेवाला सोडला तर बाकीच्यांची जात ठरवायला वयात आलेल्या नराचा पाल्प, म्हणजे तोंडाजवळचा छोटा पायासारखा अवयव, किंवा मादीच्या पोटाखालचा जननभाग मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो. पाठीच्या रंगावरून जात ठरवणं म्हणजे शर्टावरून आडनाव ओळखणं. त्यातून पिल्लं अजून फसवतात, लहानपणी एका छोट्या मुंगीसारखी दिसतात आणि मोठी झाली की दुसऱ्याच मुंगीसारखी.

आपल्याकडे तर अजूनच गुंता. के. नारायण यांनी १९१५ मध्ये कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले मुंगी-कोळी तपासून जाती लिहिल्या, त्यात एक सातारेन्सिस. मग १९७३ मध्ये टिकादर यांनी, जे पुण्याच्या झूलॉजिकल सर्व्हेत होते, अजून काही जाती लिहिल्या, त्यात पूनाएन्सिस आणि चक्क मराठा. मिर्मारॅक्नी मराठा! नाव वाचून आमच्या ग्रुपमधल्या एकाने दोन सुट्ट्या सिंहगडाच्या पायथ्याशी घालवल्या. पण अशा जुन्या वर्णनांतल्या कितीतरी जाती फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून लिहिलेल्या आहेत, आणि वर सांगितलं तसं या वंशात नवरा-बायको एकमेकांसारखे दिसतच नाहीत, त्यामुळे कुणाची जोडी कुणाशी हे काम बरंच शिल्लक आहे. कोवळ्या मुलांना मी सांगतो, नवीन जात शोधायला अरुणाचलला जायची गरज नाही. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातून आयसियस तुकारामी जाहीर झाला, तोही जंपिंग स्पायडरच, तुकाराम ओंबळे यांच्या नावाने. लोकल ट्रेनच्या पट्ट्यात.

दोन भाऊबंद मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक टॉक्सिअस मॅग्नस, आधी हाही मिर्मारॅक्नीच होता. २०१८ मध्ये चीनच्या युनानमधल्या अभ्यासकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की याची मादी पिल्लांना दूध पाजते. दूधच, म्हणजे सस्तन प्राण्यांचं नव्हे पण पोटाखालून पाझरणारा द्रव, गाईच्या दुधाच्या चौपट प्रथिनं. पहिले वीस दिवस पिल्लं त्यावरच जगतात, मग बाहेर शिकारीला जाऊ लागली तरी चाळिसाव्या दिवसापर्यंत रात्री येऊन पितात. पुढे मोठ्या झालेल्या लेकींना आई घरट्यात येऊ देते आणि मोठ्या झालेल्या लेकांना हाकलते, यावर मी काही बोलत नाही. दुसरा आफ्रिकेत, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा मिर्मारॅक्नी मेलॅनोटार्सा, जेमतेम ३ मिलिमीटर. हा मुंग्यांसारखा थव्याने राहतो, आणि दुसऱ्या जंपिंग स्पायडरच्या घरट्याकडे गेला की ती आई त्याला मुंगी समजून घाबरून पळते आणि हा तिची अंडी-पिल्लं खातो. सोंग बचावासाठी होतं, ते दरोड्यासाठी वापरलं.

तुमच्या शेवटच्या ओळीत होतं की फवारणीवाला म्हणतो हा आंब्याला त्रास देतो, मारून टाका. अजिबात नाही. हा फळाला, मोहोराला तोंड लावत नाही, छोटे किडे खातो. हुमल्यांबद्दल तुमचं भांडण असू शकतं, तुडतुड्यांपेक्षा काढणीवाल्यालाच ते जास्त चावतात, पण याच्याशी भांडायचं कारण नाही, आणि हुमल्यांचं घरटं जाळलंत तर हाही जाणार, त्या फांदीवर पुन्हा दिसायचा नाही.

बघायचं असेल तर सकाळी नऊच्या आत, ऊन चढल्यावर हुमले आणि हा दोघेही फार पळतात. रांगेत शोधू नका, रांगेपासून वीतभर बाजूला शोधा. जून पानं उलटी करून बघा, शिरेजवळ पांढरं चपटं रेशमाचं पाकीट दिसेल, दोन्ही टोकांना उघडं, आत मादी किंवा वयात येऊ घातलेली मादी असेल तर शेजारी दांडेवाला नर ताटकळत बसलेला असतो, ती कात टाकायची वाट बघत. पाकीट फाडू नका. बोट हळू जवळ न्या, हुमला असेल तर पोट वर करून अंगावर येईल, कोळी असेल तर मान वळवल्यासारखा अख्खा वळून तुमच्याकडे बघेल. तेव्हाच फोटो काढा, आणि वरून नको, बाजूने काढा, कंबर आणि जबडा एका रेषेत आला पाहिजे. शेवग्यावरच्याचाही तसाच पाठवा, जात नाही सांगणार पण नर की मादी ते नक्की सांगतो. आणि बाह्यांना रबरबँड लावून जा, मी नव्हतो लावून गेलो.